कटकट, खडखड आणि गुर्र

गॅरेजमध्ये पाऊल टाकलेला सुशिक्षित मराठी माणूस पाच मिनिटांत तोंडाने आवाज काढू लागतो. एरवी बँकेत, सोसायटीच्या सभेत किंवा मुलीच्या सासरी मोजूनमापून बोलणारा हा गृहस्थ मिस्त्रींसमोर उभा राहून 'कट्-कट्-कट्' करतो. मग किंचित विचार करून 'नाही, तसं नाही, कटक्... कटक्...' अशी स्वतःचीच दुरुस्ती करतो. मिस्त्री अजिबात हसत नाहीत. हातातला पाना तसाच ठेवून गंभीरपणे विचारतात, "वळताना का सरळ?" आणि बाकावर बसलेला पुढचा गिऱ्हाईक आपली पाळी येईपर्यंत मनातल्या मनात 'गुर्र'ची तालीम करत असतो.

यात त्या माणसाचा दोष नाही. इंजिनाला काही झालं तर हल्ली डॅशबोर्डवर दिवा लागतो. रंग उडाला, दार चेपलं, तर ते शेजाऱ्यालाही दिसतं आणि तो तसं सांगतोही. पण चाक आणि गाडीचं अंग यांच्या मधल्या अंधारात जी मंडळी राहतात, म्हणजे एक्सल, जॉइंट, लोअर आर्म, बुश, लिंक रॉड, शॉकअप, त्यांच्यासाठी कुणी दिवा ठेवलेला नाही. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा आपल्याआधी त्यांना भेटतो. ती झिजतात तीही गुपचूप, आणि झीज पुरेशी झाली की बोलतात. ते बोलणं मिस्त्रींपर्यंत पोचवायला आपलं तोंड एवढंच साधन आहे, आणि ध्वनींच्या बाबतीत मराठी माणसाचं तोंड बरंच श्रीमंत आहे.

आमच्या मिस्त्रींनी वर्षानुवर्षं ही तोंडी निवेदनं ऐकून त्यांचं एक शास्त्र बनवलं आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हलवली की 'कट्-कट्-कट्' होतं आणि वेग वाढला की कटकटही घाईला येते, तर एक्सलचा बाहेरचा जॉइंट गेला. घाटातल्या हेअरपिन वळणावर हा आवाज सर्वांत स्वच्छ ऐकू येतो. कुंभार्ली किंवा फोंडा घाट चढताना पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये काच खाली करून बसावं, डोंगराच्या कातळावर आपटून तो दुप्पट होऊन परत येतो. उकरलेल्या रस्त्यावर हळू जाताना 'खडखड' होत असेल तर बहुधा लिंक रॉड; हा आवाज सर्वांत भीतिदायक आणि खर्च सर्वांत कमी. ब्रेक दाबताना किंवा गाडी हलताना एकदाच 'ठक्' झालं तर लोअर आर्मचा बुश. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना 'करकर' असेल तर शॉकअपच्या डोक्यावरचं बेअरिंग नाही तर कोरडा पडलेला बॉल जॉइंट. आणि वेगाबरोबर चढत जाणारी 'गुर्र' म्हणजे चाकाचं बेअरिंग. ती गुर्र उजवीकडे वळताना वाढली तर डावं बेअरिंग संशयित, कारण वळताना गाडीचा भार बाहेरच्या चाकावर जातो. हे मला समजायला वेळ लागला. आमच्या हिला पहिल्या वाक्यात समजलं. शेजारच्या सीटवर बसणाऱ्या माणसाला गाडीचे आवाज चालवणाऱ्यापेक्षा चांगले कळतात असं माझं मत आहे. त्याला दुसरं काही काम नसतं, आणि गाडीबद्दल प्रेमही कमी असतं.

आता यातली सार्वत्रिक अडचण अशी की मिस्त्री शेजारी येऊन बसले की आवाज बंद होतो. आठवडाभर घरदार हैराण करणारी कटकट गॅरेजच्या फाटकातच उतरून जाते. याला चमत्कार म्हणायचं कारण नाही. रबर सकाळी गार असताना ताठ असतं आणि अर्धा तास चालल्यावर मऊ पडतं. शिवाय गॅरेजसमोरच्या सपाट रस्त्यावर गाडीला बोलायला विषयच मिळत नाही. म्हणून जाणता मिस्त्री आधी वाईट रस्ता शोधतो. आमचे मिस्त्री मालकाला चालवायला लावतात आणि स्वतः मागची सीट पाडून डिकीत मांडी घालून बसतात, मागच्या शॉकअपशी कान लावून. मध्येच आतून आवाज येतो, "त्या खड्ड्यातनं परत घ्या साहेब." आयुष्यभर खड्डे चुकवायला शिकलेल्या माणसाला खड्डा नेम धरून पकडायचा म्हणजे किती अवघड जातं, ते करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

मग गाडी जॅकवर चढते, खाली घोडी लागते आणि खरी तपासणी होते. चाक वरून-खालून धरून हलवायचं: खेळ जाणवला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. डावी-उजवीकडून धरून हलवायचं: खेळ जाणवला तर टाय रॉड एंड. गॅरेजमध्ये याला घड्याळाची भाषा आहे, "बारा-सहा बघ, आता नऊ-तीन बघ." बेअरिंगसाठी एक हात स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्या हाताने चाक फिरवायचं, बेअरिंग खराब असेल तर त्याचा खरखरीतपणा स्प्रिंगमधून तळहाताला कळतो. बुशसाठी टॉमी घालून आर्म जरासा उचलायचा आणि रबर कुठे चिरलंय ते बघायचं. सगळी उपकरणं मिळून एक लोखंडी कांब आणि दोन हात. मला यातलं काही जमत नाही, पण बघत उभं राहायला फार आवडतं.

बहुतेक वेळा चाकामागे बॅटरी मारून मिस्त्री एकच वाक्य बोलतात. "काय न्हाई साहेब, बूट फाटलाय. आत माती गेली."

हा बूट म्हणजे एक्सलच्या जॉइंटवरचं घड्या-घड्यांचं काळं रबरी आवरण. किंमत काही शे रुपये. त्याच्या आत जे बसलेलं असतं त्याची कथा मात्र तीन-साडेतीन शतकांची आहे. सतराव्या शतकात लंडनमध्ये रॉबर्ट हुक नावाचा एक चिडखोर आणि विलक्षण बुद्धिमान गृहस्थ होता. स्प्रिंग ताणली की ताणाच्या प्रमाणात ओढते, हा त्याने शोधलेला नियम. कुणी चोरेल या भीतीने १६७६ मध्ये त्याने तो नियम अक्षरांची सरमिसळ करून छापला आणि १६७८ मध्ये उकल जाहीर केली. याच हुकचं नाव वाकलेल्या कोनातही फिरणं पुढे पोचवणाऱ्या जोडाला आहे. जीप किंवा अ‍ॅम्बॅसिडरच्या पोटाखालून मागे जाणाऱ्या दांड्यात मिस्त्री ज्याला 'क्रॉस' म्हणतात तो हाच. म्हणजे आपल्या चाकाजवळची स्प्रिंगही हुकच्या नियमाने चालते आणि जोडही हुकच्या घराण्यातला. एका माणसाने एवढं करून ठेवलं, आणि आपण त्यावरून लग्नाला उशीर झाला म्हणून कुरकुरत जातो.

हुकच्या जोडात एक खोड होती. तो वाकलेला असला की पलीकडचा दांडा प्रत्येक फेऱ्यात दोनदा घाई करतो आणि दोनदा रेंगाळतो. मागच्या चाकांना हे चालून जातं, कारण तिथे कोन थोडा असतो. पण पुढच्या चाकांनीच गाडी ओढायची आणि त्याच चाकांनी वळायचंही, म्हणजे कोन तीस-चाळीस अंशांपर्यंत जाणार. तिथे हा जोड लावला तर स्टिअरिंग हातात नाचेल. १९२० च्या दशकात आल्फ्रेड रझेप्पा या अमेरिकेतल्या इंजिनिअराने त्यावर सुंदर तोड काढली. एक वाटी, तिच्या आत एक तारा, दोघांत खोबणी, आणि खोबणीत पोलादाच्या सहा गोळ्या. जोड कितीही वाकला तरी या गोळ्या कोनाच्या बरोबर मध्यावर राहतात, त्यामुळे दोन्ही बाजू एकाच गतीने फिरतात. १९५९ मध्ये ब्रिटनच्या मिनी गाडीने या प्रकारचा जॉइंट छोट्या गाडीत आणला. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांनी ओढणारी गाडी आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांसमोर उभी राहिली. त्या दिवसापासून आपल्या आयुष्यात हे रबरी बूटही आले, हे मात्र त्या पेढ्यांच्या गडबडीत कुणी सांगितलं नाही.

सहा गोळ्या, काळं ग्रीस आणि वर बूट, एवढ्यावर हा जॉइंट एक-दीड लाख किलोमीटर आरामात काढतो. बूट फाटला की चाक फिरताना ग्रीस बाहेर उडतं, रिमच्या आतल्या बाजूला काळी नक्षी उमटते, आणि त्या फटीतून पाऊस, माती, रस्त्यावरची बारीक खडी आत जाते. खडी मिसळलेलं ग्रीस हे वंगण राहत नाही, तो पॉलिशचा मसाला होतो. गोळ्या खोबण्यांना खात जातात. बूट फाटल्यापासून पहिली 'कट्' ऐकू येईपर्यंत काही महिने जातात, आणि दुरुस्तीची सगळी संधी त्या मुक्या महिन्यांत असते. आमच्या मिस्त्रींचा नियम साधा आहे: आवाज नाही तोवर बूट बदला, आवाज आला की जॉइंट बदला. एकदा कटकट सुरू झाल्यावर नवं ग्रीस भरून उपयोग नसतो. खोबणीला पडलेला खड्डा ग्रीसने बुजत नाही. काही मिस्त्री डावा जॉइंट उजवीकडे आणि उजवा डावीकडे टाकून देतात. फिरण्याची दिशा उलटली की खोबणीची न झिजलेली बाजू कामाला लागते आणि आवाज काही काळ थांबतो. युक्ती हुशारीची आहे, गाडी विकायची असेल तर फारच हुशारीची. फाटलेल्या बुटावर सायकलची ट्यूब गुंडाळून तारेने आवळलेलंही मी पाहिलं आहे. ती तार पहिल्या घाटात सुटते.

या वयात इथे गुडघ्यांची उपमा द्यायचा मोह मलाही होतो. गॅरेजच्या बाकावर बसलेले सगळेच ती देतात, आणि उठताना 'कट्' करून सिद्धही करतात. पण ही वाट फार जुनी आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात, तिसऱ्या अध्यायात, अग्निवेश विचारतो की माणसाचं आयुष्य ठरलेलं असतं की नाही. आत्रेय उत्तरादाखल गाडीचा आस पुढे करतात. चांगल्या लाकडाचा, नीट घडवलेला आस योग्य वाहिला तर आपल्या काळाने झिजूनच संपतो. पण तोच आस मध्येच मोडतो, आणि मोडण्याची कारणं आत्रेय एखाद्या वर्कशॉप मॅनेजरसारखी भराभर सांगतात: फाजील ओझं, खडबडीत रस्ता, रस्ता नसलेल्या जागेतून हाकणं, चाक तुटणं, ओढणाऱ्या जनावराचा किंवा हाकणाऱ्याचा दोष, खीळ निसटणं, वंगण नसणं, गाडी उलटणं. दोन हजार वर्षांत या यादीतलं एकही कलम कालबाह्य झालेलं नाही. ओझ्याच्या कलमाखाली पाच सीटच्या गाडीत नऊ जण आणि वर आंब्याच्या पेट्या येतात, आणि वंगणाच्या कलमाखाली आपला फाटलेला बूट. ही यादी मी मिस्त्रींना वाचून दाखवली. त्यांनी ती लक्ष देऊन ऐकली, मान्य केली, आणि एकाच कारणाची भर घातली. "दुसऱ्या ग्यारेजात आधी काम केल्यालं."

ती भर मला पटते, कारण सस्पेंशनचं काम वाईट करणं फार सोपं आहे आणि ते लगेच कळत नाही. बुशचंच घ्या. लोअर आर्म गाडीला जोडणारा हा रबराचा गोळा, आत पोलादी नळी, बाहेर पोलादी कडं. आर्म वर-खाली होतो तेव्हा रबर पिळलं जातं आणि परत सरळ होतं. आता गाडी जॅकवर, चाक हवेत लोंबतंय, आर्म खाली गेलेला, आणि अशात मेकॅनिकने बोल्ट पूर्ण आवळला तर? गाडी खाली उतरताच आर्म वर येतो आणि रबर कायमचं पिळलेलं राहतं. उभ्या गाडीतही त्याला विश्रांती नाही. नवा बुश काही महिन्यांत चिरतो आणि बिचाऱ्या दुकानदाराच्या मालाला शिव्या बसतात. आमचे मिस्त्री बोल्ट नुसता हाताने लावून गाडी खाली घेतात, बॉनेट दोन-तीनदा दाबून सोडतात आणि मग खाली सरपटून शेवटचा आवळा देतात. या शेवटच्या आवळ्याचे ते वेगळे पैसे घेत नाहीत. घ्यायला हवेत.

याउलट चकचकीत सर्व्हिस सेंटरमध्ये टाय लावलेला तरुण टॅबलेटवर बोट फिरवून म्हणतो, "सर, असेंब्ली चेंज करावी लागेल." बुश वेगळा मिळत नाही, आर्मसकट घ्या. बूट वेगळा लावत नाही, अख्खा एक्सल घ्या. या धोरणाला मी सरसकट लबाडी म्हणणार नाही. प्रेसवर जुना बुश काढून नवा बसवायला वेळ आणि हात लागतो, तिरका बसला तर गाडी परत येते. अख्खा भाग बदलणं कुणालाही जमतं आणि त्यावर वॉरंटी देता येते. पण तासाभराच्या कौशल्याऐवजी दहा किलो लोखंड विकण्याची ही पद्धत आहे आणि तिचं बिल आपण भरतो. मुंबईची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी एवढी जगली ती तिच्यातला जवळजवळ प्रत्येक भाग रस्त्याकडेला उघडून नीट करता यायचा म्हणून. मागे कमानीचे पाटे होते. पाटा बसला तर भट्टीत तापवून ठोकून पुन्हा कमानीत आणायचा, नाही तर एक जादा पाटा घालायचा. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. तिला काढलं ते कॅलेंडरने.

पद्मिनीची आठवण काढून सगळंच दुरुस्त करत बसावं असंही माझं म्हणणं नाही. बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड या दोन गोष्टी कुणी 'भरून देतो' म्हणाला तर नमस्कार करून निघावं. हे सुटले की चाक आडवं पडतं, तिथे काटकसर नको. बंद नळीचे शॉकअप कापून तेल भरून वेल्डिंग मारून देणारेही भेटतात, तेही नको. मुळात धक्का झेलते स्प्रिंग. शॉकअपचं काम त्या स्प्रिंगची उसळी दोन क्षणांत शांत करण्याचं. गाडीचा कोपरा जोराने दाबून सोडा. ती एकदा वर येऊन थांबली तर ठीक, डोलत राहिली तर शॉकअप गेले, आणि तेव्हा डावा-उजवा जोडीने बदलायचे. एक नवा, एक जुना ठेवला तर गाडीच्या दोन बाजू सारख्या सावरत नाहीत. पुढच्या शॉकअपवरची स्प्रिंग शिकंजात दाबून मगच वरचा नट सोडायचा असतो. हा उद्योग घरी, मुलाच्या मदतीने, व्हिडिओ बघून करू नका. दाबलेली स्प्रिंग हुकचा नियम पाळते, तुमचा नातेसंबंध बघत नाही.

पार्ट आणायला पुण्यात नाना पेठेत गेलं की तिथला काउंटरवरचा माणूस वर न बघता विचारतो, "कंपनीचा देऊ, चांगला देऊ, का चालणारा देऊ?" एवढ्या प्रामाणिकपणे प्रश्न विचारणारं दुसरं दुकान मला माहीत नाही. लिंक रॉड 'चांगला' घ्यावा. बॉल जॉइंट 'कंपनीचा' घ्यावा. 'चालणारा' काहीही घेऊ नये. तो चालतो, आपण थांबतो. बुटाच्या बाबतीत तर रबराची जात बघा, दाबून सोडलं की ते लगेच पूर्ववत व्हायला हवं. आणि सगळं झाल्यावर व्हील अलाइनमेंट केल्याशिवाय गाडी घरी नेऊ नका. आर्म, टाय रॉड किंवा शॉकअप हलला म्हणजे चाकाचा कोन हलला. तो तसाच ठेवला तर अलाइनमेंटचे वाचवलेले पैसे टायरच्या कडेने झिजून जातात.

राहिला मूळ रोग, म्हणजे रस्ता. खड्ड्यांबद्दल बोलण्यात अर्थ नाही, ते निदान नैसर्गिक तरी असतात. गतिरोधक मात्र आपण हाताने बांधतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मानकाप्रमाणे गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर असावी, गोलाई १७ मीटर त्रिज्येची, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने गाडी अलगद वर चढून उतरते. ३.७ मीटर म्हणजे एखाद्या छोट्या गाडीइतकं लांब. आपल्या गल्लीच्या तोंडाशी असतो तो हातभर रुंद आणि वीतभर उंच उंचवटा. तो बहुधा एका रात्रीत, गावच्या एखाद्या अपघातानंतर, रागाच्या भरात टाकलेला असतो. त्या रागामागचं कारण मला समजतं. पण त्यावरून २५ ने गेलं तर बुश, लिंक रॉड आणि कंबर यांची एकदमच तपासणी होते. तिरकं चढवलं तर एका वेळी एकच चाक आपटतं असं समजून लोक गाडी तिरकी घेतात. त्यात गाडी पिळली जाते आणि लिंक रॉडला उलट जास्त त्रास होतो. सरळ आणि अगदी हळू जावं, आणि ब्रेक चढण्याआधी सोडावा, म्हणजे दबलेल्या पुढच्या स्प्रिंगला उसंत मिळते.

वाचकांना एकच विनंती आहे. मे महिन्याच्या अखेरीस, पहिला पाऊस येण्याआधी, गाडी सपाट जागी उभी करा, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, खाली वाकून चाकामागे बॅटरी मारा आणि मग दुसऱ्या बाजूला वळवून तेच करा. रबराच्या घड्यांत चीर दिसली किंवा रिमच्या आत काळं ग्रीस उडालेलं दिसलं, तर त्याच आठवड्यात बूट बदलून घ्या. तोवर जॉइंट बहुधा शाबूत असतो आणि काम काही शे रुपयांत, दुपारच्या जेवणाआधी होतं.